बुजणें आणि माणसाळणें

जनावरांच्या शिक्षणासंबंधानें मराठी भाषेंत दोन शब्दप्रयोग फार जुने आहेत. एक ‘काबूंत आणणें’ आणि दुसरा ‘माणसाळविणें’. वरवर पाहतां दोहोंचा अर्थ एकच वाटतो. कारण जनावर माणसाचें ऐकूं लागलें म्हणजे दोन्ही क्रिया संपल्या असें आपण समजतों. परंतु थोडें खोल जाऊन पाहिलें तर त्यांतील अंतर ध्यानांत येतें. काबूंत आणावयाचें जनावर हें प्रतिपक्षी असतें, त्याचें बळ मोडावयाचें असतें. माणसाळवावयाचें जनावर हें परकें असतें, त्याचा परकेपणा घालवावयाचा असतो. पहिल्या कामांत जनावराच्या मनांत काय चाललें आहे हें कळण्याची गरज नाहीं. दुसऱ्या कामांत तें कळल्यावांचून एक पाऊलही पुढें पडत नाहीं. घोडा शिकविणाऱ्यास आपल्याकडे ‘चाबूकस्वार’ म्हणत असत. हा शब्द उघड उघड पहिल्या पक्षाचा आहे. पण त्याच घोड्याच्या भयाला आपण ‘बुजणें’ म्हणतों, आणि हा शब्द दुसऱ्या पक्षाचा आहे. बुजणारा घोडा दुष्ट नसून भ्यालेला आहे, ही गोष्ट त्या शब्दानें आधींच कबूल केलेली असते.

या दोन पक्षांचा झगडा किमान चोवीस शतकांचा जुना आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. घोडे आणि बैल यांचा शहरांतील मनुष्याशीं संबंध आतां फारसा उरला नाहीं; पण कुत्रीं आणि मांजरें मात्र बैठ्या घरांतून निघून इमारतींच्या चौथ्यापांचव्या मजल्यावर राहावयास आलीं आहेत. पाहुणा दारांत आला कीं त्याच्या अंगावर धांवून जाणारें कुत्रें, फटाका वाजला कीं पलंगाखालीं शिरून लाळ गाळणारें कुत्रें, हात लावतांच ओरबाडणारें मांजर, हीं आज सुशिक्षित घरांतील नित्याचीं दृश्यें झालीं आहेत. अशा जनावराला नांव काय द्यावयाचें, यावर त्याचें पुढील सारें आयुष्य ठरतें. तें ‘खुनशी’ ठरलें तर काठी आणि आंखूड सांखळी, व शेवटीं कोठेंतरी दूर नेऊन सोडणें. तें ‘बुजरें’ ठरलें तर निराळाच मार्ग मोकळा होतो. म्हणून या नांवांमागचा इतिहास पाहणें हा नुसता विद्वत्तेचा विलास नव्हे.

या विषयावरचा अगदीं जुना आणि सबंध उपलब्ध असलेला पाश्चात्य ग्रंथ म्हणजे झेनोफन या ग्रीक लेखकाचें अश्वविद्येवरील छोटें पुस्तक होय. तें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत लिहिलें गेलें. झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य होता, पण त्याचा पिंड शिपायाचा होता. हळव्या मनाचा म्हणून त्याची कोठें ख्याति नाहीं. असें असतां हा शिपाईगडी लिहितो, घोड्याशीं वागतांना रागाला कधींच थारा देऊं नये. कारण रागाला पुढचें दिसत नाहीं आणि रागाच्या भरांत केलेल्या गोष्टीचा मागाहून पश्चात्ताप होतो. घोडा एखाद्या वस्तूला बुजला, तर स्वारानें आधीं आपण त्या वस्तूला हात लावावा आणि मग घोड्याला सावकाश तिच्यापाशीं न्यावें. जे लोक अशा वेळीं फटके मारून घोड्याला पुढें रेटतात, ते त्याचें भय उलट वाढवितात. कारण अंगाला झालेली वेदना त्या वस्तूपासूनच आली असें घोडा समजतो. शेवटच्या वाक्यांतील विचार आधुनिक मानसशास्त्राला प्रयोगशाळेंत सिद्ध करण्यास पुढें तेवीसशें वर्षें लागलीं.

याच पुस्तकांतील आणखी एक सूचना मननीय आहे. शिंगरूं मालकाच्या हातीं येण्यापूर्वीं तें माणसाचें लोभी झालेलें असावें, आणि त्यासाठीं मोतद्दारानें अशी योजना करावी कीं भूक, तहान आणि माशांचा उपद्रव हीं शिंगराला एकटेपणाशीं जोडलेलीं वाटावींत, आणि खाणें, पिणें व त्या उपद्रवापासून सुटका हीं माणसाच्या हातून यावींत. जनावराच्या गरजा काय आहेत हें आधीं ओळखावें आणि त्या पुरविणारा म्हणून त्याच्या मनांत आपण स्थान मिळवावें, हें तत्त्व यांत स्वच्छ सांगितलेलें आहे. शिवाय शिंगराला गर्दींतून फिरवावें, नाना तऱ्हेच्या वस्तु दाखवाव्या, नाना आवाज ऐकवावे, आणि तें भ्यालें तर चिडून नव्हे तर शांतवून त्याची समजूत घालावी, असेंही तो सांगतो.

झेनोफनच्या नंतरच्या पिढींतील ब्यूसेफॅलस घोड्याची आणि बालवीर अलेक्झांडरची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती प्लूटार्कनें लिहून ठेवली आहे, आणि तो त्या काळानंतर सुमारें चारशें वर्षांनीं झाला, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. तेरा टॅलेंट किंमत सांगितलेला तो घोडा कोणालाच जवळ येऊं देईना, तेव्हां फिलिप राजानें तो परत नेण्यास सांगितलें. घोडा स्वतःच्या सावलीला बुजत आहे, हें एकट्या मुलाच्या लक्षांत आलें. त्यानें घोड्याचें तोंड सूर्याकडे वळविलें, अंगावरून हात फिरविला आणि मग मांड टाकली. कथा खरी असो वा सजविलेली असो, तींतील पराक्रम कोणता तें पाहावें. मोठमोठे स्वार घोड्याकडे पाहत होते. मुलानें घोडा कशाकडे पाहत आहे हें पाहिलें. इ.स.पू. ३२६ मध्यें पोरसाशीं झालेल्या लढाईनंतर तो घोडा झेलमच्या परिसरांत मेला आणि अलेक्झांडरनें त्याच्या नांवानें तेथें एक नगर वसविलें.

इतकें शहाणपण इतक्या पूर्वीं लिहिलें गेलें असतां पुढें सर्वत्र चाबूकच कां चालला, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. याचें उत्तर असें कीं चाबकाचा परिणाम लवकर दिसतो. मारल्याबरोबर जनावर थांबतें. भय जावयास आठवडे लागतात आणि जातांना तें आवाज करीत नाहीं. ज्याला बाजारांत घोडा विकावयाचा आहे किंवा पलटणींत पाठवावयाचा आहे, त्याला थांबलेलें जनावर पुरेसें वाटतें. येथूनच एक मोठा भ्रम सुरू झाला. जनावर स्वस्थ उभें राहिलें म्हणजे तें शांत झालें, ही समजूत पुढें दयाळू माणसांनाही सोडीना. याचें ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकांत सांपडतें.

जॉन सॉलोमन रेअरी हा अमेरिकेंतील ओहायो प्रांताचा रहिवासी. त्याचा जन्म १८२७ चा. घोडे मारहाणीवांचून वठणीवर आणण्याची कला आपणांस साधली आहे, असें सांगून तो इंग्लंडांत आला आणि १८५८ सालीं त्यानें लंडन शहर अक्षरशः वेडें केलें. व्हिक्टोरिया राणीसमोर त्याचे प्रयोग झाले. दहा दहा गिनी फी भरून आणि गुप्ततेचें वचन देऊन सरदारलोक त्याच्या वर्गांत बसूं लागले. त्याचा सर्वांत गाजलेला विजय म्हणजे लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा क्रूझर नांवाचा घोडा. हा घोडा इतका भयंकर समजला जाई कीं त्याच्या तोंडाला लोखंडी मुसकें ठोकलेलें असे आणि त्याच्याजवळ जाण्यास मोतद्दार धजत नसत. रेअरीनें त्याला कांहीं तासांतच असा केला कीं त्याच्यावर स्वार बसूं शकला. पुढें तो घोडा त्याच्याबरोबर अमेरिकेस गेला.

रेअरीचीं तत्त्वें आजही मान्य व्हावींत अशींच आहेत. घोड्याला समजेल अशा रीतीनें सांगितलें तर तो विरोध करीत नाहीं. अपरिचित वस्तु त्याला पाहूं द्यावी, हुंगूं द्यावी, तिचा स्पर्श होऊं द्यावा, आणि तीपासून इजा होत नाहीं असें कळलें म्हणजे त्याचें भय जातें, असें तो म्हणे. पण तत्त्वाशेजारीं त्याची कृति काय होती? घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्यानें वर बांधून टाकावयाचा, तीन पायांवर झगडून तो थकला कीं त्याला गुडघ्यांवर आणून आडवा पाडावयाचा, आणि मग त्याच्या सर्वांगावरून हात फिरवावयाचा. चाबूक नव्हता हें खरें. आणि त्या काळीं लोखंडी मुसक्यांतून घोड्याची सुटका करणें ही लहान भूतदया नव्हती हेंही खरें. तथापि सर्व मार्ग बंद झाल्यावर जें जनावर निपचित पडतें, त्याचें भय गेलें कीं आशा गेली, हा प्रश्न रेअरीला पडला नाहीं. त्याच्या टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांनाही पडला नाहीं. त्याचें उत्तर मिळावयास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं काबूंत आणणाऱ्या पक्षाला शास्त्राचा पोशाख मिळाला. कॉनराड मोस्ट नांवाच्या जर्मन पोलिसखात्यांतील शिक्षकानें १९१० सालीं कुत्र्यांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला आणि लष्करी व पोलिसी कुत्र्यांच्या शाळांतून त्याचा फार प्रभाव पडला. बक्षिसाचें महत्त्व मोस्टलाही कळलें होतें. पण मनुष्य आणि कुत्रा यांच्या संबंधांत अखेरचा आधार बळाचाच, अशी त्याची धारणा होती. १९४७ सालीं रुडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञानें बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांतील बंदिस्त लांडग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोंडलेल्या जागेंत हे लांडगे वर्चस्वासाठीं झगडत. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० सालच्या लोकप्रिय ग्रंथामुळें कळपाचा एक सर्वाधिकारी असतो ही कल्पना घरोघर पोहोंचली. मग सामान्य कुत्रेवाल्यांनींही असा सिद्धांत काढला कीं कुत्रें म्हणजे लांडगाच, तें घराची गादी बळकावूं पाहतें, म्हणून त्याला उताणें पाडून, दाबून धरून, कोण श्रेष्ठ हें दाखवून दिलें पाहिजे.

या सिद्धांताचा पुढील वृत्तांत शास्त्राच्या प्रामाणिकपणाचा उत्तम दाखला आहे. मेक यांनीं उत्तरेकडील एल्समिअर बेटावर १९८६ पासून अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहून काढले. त्यांना दिसलें तें असें कीं रानांतील कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतें. आई, बाप आणि त्यांचीं निरनिराळ्या वर्षांचीं पोरें. तेथें गादीची लढाई नसते. आईबाप पुढें चालतात आणि पिल्लें मागून येतात, इतकेंच. १९९९ सालीं त्यांनीं हें लिहून प्रसिद्ध केलें आणि स्वतःच्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकांच्या मागें लागले. कोंडलेल्या परक्यांच्या भांडणावरून कुटुंबाचा नियम काढणें म्हणजे तुरुंगांतील बराकी पाहून गृहस्थाश्रमाचें शास्त्र लिहिण्यासारखें होय.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांस १९०४ सालीं पचनेंद्रियांवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, आणि घंटा व अन्न यांच्या साहचर्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्धच आहेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांच्या आयुष्यांतील एक अकल्पित प्रसंग अधिक मोलाचा आहे. सप्टेंबर १९२४ मध्यें लेनिनग्राड शहरांत नेवा नदीचा महापूर आला. प्रयोगशाळेचीं कुत्रीं पाण्यांतून पोहवीत मुख्य इमारतींत आणावीं लागलीं. पूर ओसरल्यावर असें दिसून आलें कीं कांहीं कुत्र्यांचें पूर्वीं पक्कें झालेलें शिक्षण पार नाहींसें झालें आहे. त्यांतील एकाला हळूहळू पूर्वस्थितीवर आणल्यानंतर त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार सोडण्यांत आली. तेवढ्यानें तें पुन्हां अस्वस्थ झालें आणि त्याचें शिकलेलें पुन्हां मोडलें. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण आपल्याकडे माणसासाठीं आहे. ती कुत्र्यालाही लागू आहे हें येथें सिद्ध झालें. जें आपणांस अकारण चवताळणें वाटतें, त्यामागें कोणत्या तरी विसरलेल्या पुराची धार असूं शकते.

भय कसें जडतें हें कळलें. तें सुटावें कसें? याचा पहिला काळजीपूर्वक नोंदलेला प्रयोग जनावरावर झाला नाहीं, एका बालकावर झाला. तोही १९२४ सालींच. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीच्या हातीं पीटर नांवानें नोंदलेला सुमारें तीन वर्षांचा मुलगा होता, आणि तो सशाला फार भीत असे. त्याला उंच खुर्चीवर बसवून आवडता खाऊ देत असत आणि पिंजऱ्यांतील ससा इतक्याच जवळ आणीत कीं मुलाच्या खाण्यांत व्यत्यय येऊं नये. रोज अंतर थोडें कमी करीत. भय नसलेलीं इतर मुलें सशाशीं खेळतांना त्याला पाहूं देत. मध्यें पीटर आजारी पडला, इस्पितळांतून परततांना एका मोठ्या कुत्र्यानें त्याला घाबरविलें, आणि सारी प्रगति मागें गेली. तेव्हां पुन्हां पहिल्यापासून आरंभ झाला. शेवटीं ससा त्याचीं बोटें कुरतडूं लागला तरी तो भीत नसे. जोन्स बाईंनीं यांत एक इशारा दिला आहे: घाई केली तर सशाचें भय जाण्याऐवजीं खाऊचेंच भय जडेल. या शास्त्राचें सारें मर्म या इशाऱ्यांत आहे. खाऊ हा जादूचा मंत्र नव्हे. अंतर योग्य राखलें तरच तो उपयोगी पडतो.

जनावरावर हाच मार्ग जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेंतील वैद्यानें दाखवून दिला. १९४७–४८ च्या सुमारास जोहान्सबर्ग येथें त्यानें मांजरांना पिंजऱ्यांत विजेचे धक्के देऊन भित्रीं केलें. हें कृत्य क्रूर होतें, आणि त्यापासून ज्ञान निघालें म्हणून तें क्रूर नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. तीं मांजरें उपाशी असूनही त्या पिंजऱ्यांत, किंबहुना त्या खोलींतही, अन्नाला तोंड लावीनात. तेव्हां वोल्पेनें प्रयोगशाळेशीं साम्य कमी कमी असलेल्या निरनिराळ्या खोल्या निवडल्या. ज्या खोलींत मांजर खाईल तेथून प्रारंभ केला. आणि एकेक पायरी चढवीत अखेर त्याच पिंजऱ्यांत तें निर्भयपणें खाऊं लागेपर्यंत काम नेलें. पुढें १९५८ सालीं त्यानें याच पद्धतीवर मनुष्याच्या भयरोगांच्या उपचाराचा ग्रंथ लिहिला.

रेअरीला न पडलेल्या प्रश्नाचें उत्तर १९६७ सालीं मिळालें. मार्टिन सेलिगमन, स्टीव्हन मायर आणि त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत कांहीं कुत्र्यांना असे धक्के दिले कीं जे कांहींही केलें तरी टळत नसत. नंतर त्यांना अशा पेटींत ठेवलें कीं मधली बुटकी भिंत ओलांडली कीं सुटका होई. इतर कुत्रीं भिंत ओलांडून गेलीं; पण पूर्वीं असहाय होऊन धक्के सोसलेल्यांपैकीं बहुतेक जागच्या जागीं पडून कण्हत राहिलीं. पाहणाऱ्याला तीं ‘शांत’ दिसलीं असतीं. पन्नास वर्षांनीं, २०१६ सालीं, याच दोघां शास्त्रज्ञांनीं मेंदूच्या नव्या संशोधनावरून आपला निष्कर्ष सुधारला: असें निपचित पडणें शिकावें लागत नाहीं, दीर्घ संकटांत तें आपोआपच येतें, आपल्या कृतीनें संकट टळतें हीच गोष्ट शिकावी लागते. घरांतील भित्र्या जनावरासंबंधानें याचा अर्थ असा कीं त्याला नुसतें दाबून स्वस्थ केल्यानें कांहींच साधत नाहीं. ‘मी मागें सरलों तर मला सरूं देतात, मी सांगितलें तर माझें ऐकतात’ हा अनुभव त्याला पुनःपुन्हां यावा लागतो. गुरगुरणें हें कुत्र्याचें सांगणेंच आहे. जो मालक गुरगुरण्याबद्दल मारतो, तो भय न काढतां फक्त इशारा काढून टाकतो. आणि मग कुत्रें न सांगतां चावतें.

बक्षिसाच्या शास्त्राची वाट निराळ्या बाजूनें आली. थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं ज्या कृतीचें फळ सुखकर, ती कृति दृढ होते. स्किनर यांनीं हा नियम पुढें नेला आणि त्यांचे विद्यार्थी केलर व मेरिअन ब्रेलंड या पतिपत्नींनीं तो प्रयोगशाळेबाहेर आणून अनेक जातींच्या व हजारों प्राण्यांच्या शिक्षणाचा व्यवसाय उभारला. पण त्यांचें खरें थोरपण त्यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अपयशाच्या कहाणींत आहे. रॅकून नांवाच्या जनावराला नाणें डबींत टाकण्यास शिकवीत असतां तें नाणीं टाकण्याऐवजीं एकमेकांवर घांशीत बसे. डुक्कर नाणें वाहून नेण्याऐवजीं वाटेंत टाकून नाकानें उकरीत राही. भूक वाढविली तरी हें थांबेना. तात्पर्य, जनावर म्हणजे कोरी पाटी नव्हे. प्रत्येक जातीच्या अन्न शोधण्याच्या, हुंगण्याच्या, उकरण्याच्या, लपण्याच्या अशा कांहीं जन्मजात गरजा असतात, आणि शिक्षणानें त्या पुसल्या जात नाहींत. त्यांना वाट करून द्यावी लागते.

गरजेचा हा विचार त्याच दशकांत इतर ठिकाणींही उगवला. स्कॉट व फुलर यांनीं अमेरिकेंतील बार हार्बर येथें वर्षानुवर्षें पिल्लें वाढवून १९६५ सालीं दाखविलें कीं वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लाची माणसांशीं व जगाशीं ओळख व्हावी लागते; ती वेळ हुकली तर पुढें भय खोल रुजतें. झेनोफनचा शिंगराविषयींचा सल्ला येथें आठवतो. १९६५ सालींच इंग्लंडांत शेतीच्या जनावरांच्या स्थितीवर ब्रँबेल समितीचा अहवाल आला, आणि त्यांतून पुढें १९७९ सालीं तेथील सरकारी मंडळानें जनावरांच्या पांच स्वातंत्र्यांची मांडणी केली: भूकतहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग, आणि भय व क्लेश यांपासून मुक्तता, तसेंच आपल्या जातीप्रमाणें वागण्याची मोकळीक. भय नसणें ही चैन नसून अन्नपाण्याच्या पंक्तीला बसणारी गरज आहे, हें तेथें अधिकृतपणें मान्य झालें.

आपल्या देशाचाही यांत भाग आहे, आणि तो फार मागचा नाहीं. मुंबईंत प्राणिक्रूरतानिवारक मंडळी १८७४ सालीं स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर नृत्यकलेच्या क्षेत्रांतील थोर विदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत हा प्रश्न लावून धरला आणि १९६० सालीं प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायदा झाला. त्यांत मारणें, लाथाडणें, आंखूड सांखळीनें बांधून ठेवणें हे गुन्हे ठरलेच. पण नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसें हिंडूंफिरूं न देणें हाही गुन्हा म्हणून लिहिला गेला. मारूं नये एवढेंच सांगून न थांबतां कुत्र्याच्या एका गरजेचें नांव त्या कायद्यानें घेतलें. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये लिहिला गेला!

येथें अनेक वाचकांच्या मनांत एक शंका आली असेल. हें सर्व लाडावणें नव्हे काय? मऊ लागलें म्हणून जनावर कोपरानें खणूं लागणार नाहीं काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर अनुभवाच्या आंकड्यांनींच द्यावें हें बरें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं २००९ सालीं कुत्र्यांच्या १४० मालकांचे अनुभव प्रसिद्ध केले. नको त्या वागण्याबद्दल ज्यांनीं कुत्र्याला मारलें किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकीं शेंकडा ४३ जणांवर कुत्रें उलट चवताळून आलें. २०२० सालीं पोर्तुगालमध्यें ९२ कुत्र्यांची पाहणी झाली. ज्या शाळांत झटके व शिक्षा यांवर भर होता तेथील कुत्र्यांत तणावाचीं चिन्हें अधिक आढळलीं आणि त्यांच्या लाळेंतील तणावदर्शक द्रव्यही शिकवणीनंतर अधिक वाढलेलें दिसलें. २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवर्तनविषयक वैद्यांच्या मंडळानें कुत्र्यांच्या सर्व प्रकारच्या शिक्षणांत, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतींतसुद्धां, केवळ बक्षिसाचाच मार्ग वापरावा असें मत प्रसिद्ध केलें.

शिवाय मऊपणा आणि मोकाटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या पद्धतींत मर्यादा आहेतच. फक्त त्या माराच्या नसून योजनेच्या आहेत. दिवाळीचें उदाहरण घ्या. फटाक्याला भिणारें कुत्रें घरांत असेल तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं त्याला गॅलरींत नेऊन ‘संवय’ लावणें म्हणजे पीटरच्या मांडीवर पहिल्याच दिवशीं ससा ठेवणें होय. शहाणा मालक तें काम दोनतीन महिने आधीं सुरू करतो. फटाक्याचा मुद्रित आवाज इतका मंद लावतो कीं कुत्रें कान टवकारील पण खाणें सोडणार नाहीं. त्या आवाजामागोमाग आवडीचा घांस देतो. आवाज बोटभर वाढवितो. कुत्र्यानें खाणें थांबविलें तर पुन्हां खालच्या पायरीवर येतो. त्या संध्याकाळीं खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फिरणें दुपारींच उरकलेलें, आणि लपावयास एक कोपरा मोकळा. कुत्रें जवळ आलें तर त्याला जवळ घ्यावें. भय ही कांहीं कुत्र्यानें बक्षिसासाठीं केलेली करामत नव्हे, म्हणून धीर दिल्यानें ती वाढत नाहीं. भय फारच विकोपाला गेलेलें असेल तर पशुवैद्याचें औषधही घ्यावें, आणि वागणुकींतला बदल एकाएकीं आला असेल तर कोठें दुखत तर नाहीं ना, हें त्याच्याकडून आधीं तपासून घ्यावें. दुखणाईत जनावराला शिकवूं लागणें हा अन्याय आहे.

पाहुण्यावर धांवून जाणाऱ्या कुत्र्याचेंही असेंच. त्याला पाहुणा नको नसतो, अंतर हवें असतें. तें अंतर आपण होऊन दिलें, पाहुण्याला त्याच्याकडे पाहूं नये असें सांगितलें, आणि पाहुणा आला कीं दूरच्या खोलींत कांहीं सुखाचें घडतें असा क्रम लावला, म्हणजे भुंकून अंतर मिळविण्याची त्याची गरज हळूहळू कमी होते. सर्वच जनावरें पूर्ण बरीं होतात असें नाहीं. कांहीं कुत्रीं जन्मभर अनोळख्यापासून चार हात दूरच राहतील. आणि तीं तशीं राहूं शकतात हें मान्य करणें हाही या विद्येचाच भाग आहे.

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, अशी आपली म्हण आहे. तिचा उपयोग आपण जनावराच्या, आणि कधींकधीं माणसाच्याही, स्वभावाला नांवें ठेवण्याकडे करतों. वरील इतिहास वाचल्यावर त्या म्हणींतील नळीकडे लक्ष जातें. शेपटाचें वळण ही त्याची खोड नव्हे, घडण आहे. आणि चोवीस शतकांत मनुष्यानें नळ्या मात्र अनेक केल्या, कधीं चाबकाची, कधीं लोखंडी मुसक्याची, कधीं खोट्या शास्त्राची. झेनोफनच्या मोतद्दारानें नळी केली नाहीं. त्यानें शिंगराच्या अंगावरच्या माशा हांकल्या. जनावराला आपल्या घरांत आणणें ही आपली मर्जी असते, त्याची नसते; म्हणून त्याचें भय ओळखण्याचा भारही आपल्यावरच येतो. तो उचलण्यास लागणारें ज्ञान आज कोणाही गृहस्थाच्या हाताशीं आहे. उरतो तो वेळ आणि धीर, आणि तेवढें तरी ज्या घरांत देतां येत नसेल, त्या घरानें पिल्लूं आणण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.